अर्ध्या गुणाचे दान

आपल्याहून दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला जिंकू द्यावे काय? निदान त्याला हरवू नये, एवढे तरी करावे काय? प्रश्न किरकोळ वाटतो. घरी मुलांशी किंवा नातवंडांशी कॅरम खेळताना आपण सर्वांनीच तो कधी ना कधी सोडवलेला असतो, आणि बहुधा नातवंडांच्या बाजूने सोडवलेला असतो. आम्हांसही तो किरकोळच वाटत असे. पण एका बुद्धिबळाच्या स्पर्धेत आम्ही त्याचे उत्तर फार चटकन देऊन बसलो, आणि त्या उत्तराचा हिशेब करता करता पुष्कळ वर्षे गेली. तो हिशेब आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. आमच्या वाचकांत शब्बाथशाळेचे शिक्षक पुष्कळ आहेत. वर्गात बलवान व दुबळी मुले एकाच बाकावर बसतात, तेव्हा हाच प्रश्न त्यांच्यापुढे दर आठवड्यास उभा राहतो. म्हणून हे लिहिणे विशेषेकरून त्यांच्यासाठी आहे.

बेळगाव भागातील एका गावी, एका शाळेच्या सभागृहात, सात फेऱ्यांची खुली स्पर्धा होती. आम्ही तेव्हा बऱ्यापैकी खेळत असू. पण त्या स्पर्धेत आमचा खेळ मनासारखा झाला नव्हता. शेवटच्या फेरीपूर्वी आमचे साडेचार गुण होते. बक्षिसाची आशा उरली नव्हती. तेवढेच गुण असलेला एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा आमच्यासमोर आला. त्याच्याबरोबर कोणी मोठे माणूस नव्हते. रेक्झिनचा पट गुंडाळून काखेत धरून तो एकटाच बसने आला होता. खेळ त्याचा धीट होता, पण कच्चा होता. विसाव्या चालीच्या सुमारास त्याचे एक प्यादे गेले, पुढे आणखी एक गेले. मग वजीर, उंट, घोडे मारले जाऊन पटावर दोघांचे एकेक हत्ती तेवढे उरले. आमची दोन प्यादी शेजारी शेजारी पाचव्या ओळीपर्यंत पोहोचली होती, आणि त्याचा राजा पटाच्या दुसऱ्या कडेला अडकून पडला होता. हा डाव जिंकण्यास फार कौशल्य लागत नाही. फक्त घाई न करणे पुरते.

मुलाने ओठ आवळून धरले होते. घड्याळाची कळ दाबताना त्याचा हात थरथरत होता. आमच्या मनात आले, या लेकराला हरवून आम्हांस काय मिळणार? साडेपाच गुणांनी आमचे काही भले होणार नव्हते. आम्ही चाल केली आणि हळूच म्हणालो, "बरोबरी?" त्याने आमच्याकडे पाहिले, पटाकडे पाहिले, आणि झटकन हात पुढे केला. त्याचा चेहरा असा उजळला की आम्ही अगदी तृप्त मनाने चहा प्यावयास गेलो. आपल्या हातून आज एक चांगले कृत्य घडले, असे आम्हांस खरोखरच वाटले.

बक्षीस समारंभात त्या समाधानाला पहिला धक्का बसला. पंधरा वर्षांखालील मुलांसाठी एक वेगळे बक्षीस होते: बुद्धिबळाचे एक घड्याळ व रोख दोनशे रुपये. त्या वयोगटात दोन मुलांचे पाच पाच गुण झाले होते. गुण सारखे झाले म्हणजे कोणाचे प्रतिस्पर्धी अधिक बलवान होते हे त्यांच्या गुणांच्या बेरजेवरून पाहतात. त्या बेरजेत आमचा मुलगा वरचढ ठरला आणि घड्याळ त्याला मिळाले. दुसऱ्या मुलाने शेवटचा डाव खरोखरीच जिंकून पाच गुण केले होते. आम्ही आमचा डाव जिंकलो असतो तर बक्षीस त्याचे होते.

दाराशी चपला घालताना त्या दुसऱ्या मुलाचे वडील आमच्याजवळ आले. शेतावर काम करणारा माणूस. त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "साहेब, रागावू नका. शेवटच्या डावात तुमची दोन प्यादी जास्त होती म्हणे. मग बरोबरी कशी झाली? पोरगं विचारतंय, म्हणून विचारलं." त्यांच्या बोलण्यात आरोप नव्हता. आम्ही म्हणालो, "वेळ कमी राहिला होता." ते खरे नव्हते; आमच्या घड्याळात वीस मिनिटे शिल्लक होती. ते "बरं" म्हणाले आणि मुलाचा हात धरून बसथांब्याकडे गेले.

थोड्या वेळाने बक्षीस मिळालेला मुलगा धावत आला. "काका, ती प्यादी पुढे नेली असती तर? तुम्हांला दिसलं नव्हतं का?" आम्ही म्हणालो, "छे रे, तू फार छान राखलास डाव." एका अर्ध्या गुणाच्या दयेसाठी आम्हांस पाच मिनिटांत दोनदा खोटे बोलावे लागले. जे कृत्य झाकण्यासाठी लगेच खोटे बोलावे लागते, त्या कृत्याला चांगले म्हणण्यापूर्वी माणसाने थांबून विचार करावयास हवा. आम्ही तो त्या दिवशी केला नाही. पुढे केला, तो असा.

बलवान आणि दुबळा यांची गाठ पडणे यात मूळचाच काही अन्याय आहे काय? बुद्धिबळात तरी ही गाठ नेहमीची आहे. बहुतेक खुल्या स्पर्धा ज्या पद्धतीने होतात तिला स्विस पद्धत म्हणतात. १८९५ साली झुरिक येथे ती प्रथम वापरली गेली. खेळाडूंची बलाबलाप्रमाणे यादी करतात, आणि पहिल्या फेरीत वरच्या अर्ध्या भागातील खेळाडूंना खालच्या अर्ध्या भागाशी खेळवतात. म्हणजे स्पर्धेची सुरुवातच विषम जोड्यांनी होते. दोघांतील तफावत किती, हे मोजण्याचे गणितही आहे. आर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन प्राध्यापकाने ते मांडले व १९७० साली जागतिक बुद्धिबळ संघटनेने, म्हणजे फिडेने, ते स्वीकारले. या गणिताप्रमाणे दोन खेळाडूंच्या मानांकनात दोनशेचा फरक असेल तर शंभर डावांत बलवानाला सुमारे ७६ गुण मिळावेत. चारशेचा फरक असेल तर सुमारे ९२. गणित असेही सांगते की उरलेले आठ गुण दुबळ्याचे आहेत. ते त्याला कोणी द्यावयाचे नसतात. ते त्याने मिळवावयाचे असतात, आणि तो ते मिळवतोही.

पटावर दोघांची बरोबरी असते, पण ती शक्तीची बरोबरी नव्हे. दोघांना सोळाच मोहरी, घड्याळात सारखाच वेळ, आणि हात लावलेले मोहरे चालवलेच पाहिजे हा नियम दोघांनाही सारखाच. शेतकऱ्याचा मुलगा असो की जगज्जेता असो, नियम माणूस पाहून बदलत नाही. दुबळ्याला न्याय मिळतो तो इथे. त्याचा पहिला हक्क पटासमोर बसण्याचा, आणि दुसरा हक्क समोरच्याने आपल्याशी खरा खेळ खेळावा हा.

पहिला हक्क सुद्धा सहज मिळत नाही. १९७६ साली आपल्या महाराष्ट्राची रोहिणी खाडिलकर ही शाळकरी वयाची मुलगी पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत खेळावयास बसली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की स्त्रियांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धांतून वगळता येणार नाही. तिला जिंकू द्या, असे काही तो निर्णय म्हणत नव्हता. तिला बसू द्या, इतकेच म्हणत होता. सन्मान तो हाच. तिच्यासमोर बसलेल्या पुरुषांनी "मुलगी आहे" म्हणून डाव सोडून दिले असते, तर तो सन्मान मागच्या दाराने पुन्हा काढून घेतल्यासारखे झाले असते.

आता दुसऱ्या हक्काकडे येऊ. समोरच्याने आपल्याशी खरा खेळ खेळावा, हा हक्क दुबळ्याला का हवा असावा? उलट खोट्या खेळाने त्याचा फायदाच नाही का होणार? या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर आम्हांस मॅन्युएल ॲरन यांच्या कहाणीत सापडले. ब्रह्मदेशात जन्मलेले आणि तामिळनाडूत वाढलेले ॲरन हे भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर. १९५९ ते १९८१ या काळात ते नऊ वेळा राष्ट्रीय विजेते झाले. १९६० साली लाइपझिगच्या ऑलिंपियाडमध्ये त्यांनी माजी जगज्जेते युवे यांना, म्हणजे वर सांगितलेल्या त्याच डॉ. युवे यांना, हरवले. पुढे १९६२ साली स्टॉकहोम येथे जगज्जेतेपदाच्या वाटेवरची आंतरविभागीय स्पर्धा झाली, तीत त्यांना स्थान मिळाले. तेवीस खेळाडू, प्रत्येकाला बावीस डाव. त्या काळी भारतात एकही ग्रँडमास्टर नव्हता, शिकवणारे नव्हते, पुस्तके दुर्मिळ होती. समोर मात्र फिशर, पेट्रोशियन, गेलर, कोर्चनॉय अशी मंडळी होती.

ॲरन त्या स्पर्धेत शेवटचे आले. बावीस डावांत चार गुण. कोणीही म्हणेल, बिचारा! पण त्या चार गुणांत दोन विजय असे आहेत की ते आजही आदराने सांगितले जातात. हंगेरीचे लायोश पोर्टिश आणि पूर्व जर्मनीचे वोल्फगांग उलमान या दोन नामांकित ग्रँडमास्टरांना त्यांनी तिथे हरवले. हे दोघेही पुढच्या टप्प्यात जाऊ शकले नाहीत.

या दोन विजयांना किंमत कशाने आली? आमच्या मते ती त्यांच्या इतर पराभवांनी आली. बाकीच्या डावांत कोणी त्यांना दया दाखवली नाही. दुरून आलेला पाहुणा म्हणून कोणी अर्धा गुण हातावर ठेवला नाही. म्हणून पोर्टिश आणि उलमान जेव्हा हरले, तेव्हा ते खरोखरीच हरले याबद्दल कोणाच्या मनात शंका उरली नाही. समजा, त्या स्पर्धेत चारदोन ग्रँडमास्टरांनी कनवाळूपणाने त्यांना बरोबरी देऊ केली असती. त्यांचे गुण वाढले असते, कदाचित ते शेवटचे आलेही नसते. पण मग त्या दोन विजयांकडे पाहून लोक म्हणाले असते, हेही असेच दिलेले असतील! दुबळ्यावर केलेली खोटी दया त्याचा आजचा पराभव झाकते, पण त्याचा उद्याचा विजय लुटून नेते. आम्ही त्या मुलाला अर्धा गुण दिला तेव्हा त्याने त्याच स्पर्धेत स्वतःच्या बळावर मिळवलेल्या साडेचार गुणांवरही आम्ही शंकेचा एक डाग पाडून ठेवला, हे आम्हांस कळले नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आम्ही समजत होतो की तो डाव आम्हां दोघांचा आहे; आमचा अर्धा गुण आमच्या मालकीचा आहे, तो कोणालाही देण्यास आम्ही मुखत्यार आहोत. स्पर्धेत असे नसते. तिथे प्रत्येक निकाल इतर सर्वांच्या निकालाशी गुंतलेला असतो. स्टॉकहोमच्याच वर्षी, १९६२ साली, पुढचा टप्पा कुरासाव या बेटावर झाला. तिथे पेट्रोशियन, केरेस आणि गेलर या तिघा सोव्हिएत ग्रँडमास्टरांनी आपसातील बाराच्या बारा डाव बरोबरीत सोडवले. बॉबी फिशरने त्याच वर्षी जाहीर आरोप केला की हे ठरवून झाले. आपसात झुंज न देता त्यांनी आपली शक्ती इतरांसाठी राखून ठेवली, असे त्याचे म्हणणे होते. आरोपात त्याची स्वतःची निराशा किती व तथ्य किती, हा वाद पुष्कळ चालला. पण पुढल्या खेपेपासून फिडेने ही पद्धतच बदलली आणि साखळी स्पर्धेऐवजी दोघा दोघांचे सामने सुरू केले. दोघांच्या संमतीने झालेली बरोबरी पटाबाहेरच्या तिसऱ्याला लागते, ही गोष्ट नियम करणाऱ्यांनाही मान्य करावी लागली.

ते तिघे आपल्या हितासाठी खेळले, आम्ही दयेपोटी. हेतूत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे खरे. पण दाराशी उभा राहिलेल्या त्या मुलाला आमच्या हेतूचा काय उपयोग? आपल्याकडे म्हण आहे, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. दुसऱ्याच्या मालावर आपण उदारपणे पाणी सोडावयाचे आणि पुण्य आपल्या पदरी बांधावयाचे. आम्ही नेमके तेच केले. तो अर्धा गुण आमच्या काहीच उपयोगाचा नव्हता. देताना आम्हांस तोशीस लागली नाही. त्याची किंमत दिली ती खेड्यातून आलेल्या एका मुलाने, आणि त्याला कोणी विचारलेही नव्हते. शास्त्रात दावीद राजाची गोष्ट आहे. अरवना आपले खळे व बैल त्याला फुकट देऊ करीत होता, तरी दावीद घेईना; ज्याला आपला काही खर्च झाला नाही ते देवाला वाहू नये, अशी त्याची भूमिका होती. शब्बाथशाळेत ही गोष्ट आम्ही स्वतः कित्येकदा शिकवली आहे. बुद्धिबळाच्या पटाशी ती आम्हांस आठवली नाही.

मग दुबळ्यावर दया करूच नये काय? असे आमचे मुळीच म्हणणे नाही. उलट बुद्धिबळाच्या जुन्या खेळाडूंनी दयेसाठी एक फार सुंदर रीत घालून दिली आहे. अठराव्या शतकातील फ्रान्सचा फिलिडोर किंवा एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेचा पॉल मॉर्फी असे खेळाडू आपल्याहून कमजोर माणसाशी बसताना डाव सुरू होण्यापूर्वीच आपले एक मोहरे पटावरून काढून ठेवीत: कधी प्यादे, कधी घोडा, प्रसंगी हत्तीसुद्धा. आपल्या घरांतूनही आजोबा नातवाशी खेळताना वजीर काढून ठेवतात, ती हीच रीत. या दयेत तीन गुण आहेत. एक, ती उघड आहे. दोघांनाही ठाऊक आहे. दुसरा, ती आधी ठरलेली आहे. डाव सुरू झाल्यावर दोघेही जीव तोडून खेळतात, आणि नातू जिंकला तर तो खरोखरीच जिंकतो. तिसरा गुण सर्वांत मोठा. देणारा आपले स्वतःचे मोहरे देतो, दुसऱ्याचे नव्हे. स्पर्धेत ही रीत चालत नाही, कारण तिथे तिसऱ्यांचे हित गुंतलेले असते. पण स्पर्धेबाहेर दयेला हे सारे अंगण मोकळे आहे.

डाव संपल्यानंतरचाही वेळ दयेचा आहे. चांगले खेळाडू डाव झाल्यावर उठून जात नाहीत. हरलेल्यासमोर पुन्हा मोहरी मांडून, तू इथे उंट मागे घेतला असतास तर मला अवघड गेले असते, असे दाखवतात. पुष्कळ वेळा पंचांना येऊन, बाहेर जाऊन बोला, असे सांगावे लागते. अशा अर्ध्या तासात कच्चा खेळाडू जे शिकतो ते दहा भीक घातलेल्या बरोबऱ्यांनी शिकणार नाही. त्या दिवशी आम्ही डाव जिंकून त्या मुलाला शेजारी बसवून घेतले असते, तर आमची दया खरी ठरली असती. आणि त्याला घड्याळ द्यावे असेच वाटत होते, तर बाजारात घड्याळे मिळत होती, आणि आमच्या खिशात पैसे होते.

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर लेख एकांगी होईल. दुबळ्याशी खरा खेळ खेळावा याचा अर्थ त्याला चिरडावे असा नव्हे. काही बलवान खेळाडू जिंकलेला डाव मुद्दाम लांबवतात. मात देता येत असताना प्यादी एकामागून एक पुढे नेऊन दोन-दोन वजीर करतात, आणि जमलेल्या लोकांकडे पाहून हसतात. काही जण समोरच्याला कमी लेखून बेफिकीर चाली करतात. हा खरा खेळ नव्हे. हाही खोटा खेळच. दया करून डाव सोडणारा आणि मस्तीने डाव लांबवणारा, हे दोघे दिसावयास विरुद्ध. पण समोरचा माणूस आपल्या पूर्ण प्रयत्नाला पात्र नाही, असे दोघांनीही मनात धरलेले असते. आम्ही त्या मुलाकडे पाहून पाघळलो तेव्हा त्याच्यातला खेळाडू आम्हांस दिसेनासा झाला. दिसत होते ते फक्त लेकरू. तो मात्र साडेतीन तास खेळाडू म्हणूनच आमच्यासमोर बसला होता.

कोणी म्हणेल, इतकी बारीक चिरफाड कशाला? लहान मुलाचे मन मोडले असते, ते मोडले नाही, एवढे पुरे नाही काय? आम्हीही आपली समजूत याच शब्दांत घातली होती. पण मन मोडावयाचे राहिले नाही. ते एका मुलाऐवजी दुसऱ्याचे मोडले, आणि आमच्या मुलाचेही वर्षभराने मोडले.

कारण पुढच्या वर्षी त्याच गावी पुन्हा स्पर्धा झाली. तो मुलगा आला होता. थोडा उंच झाला होता, खेळही सुधारला होता. पाचव्या फेरीत त्याची एका चांगल्या खेळाडूशी गाठ पडली. दोन प्यादी कमी झाल्यावर पटावर अजून पुष्कळ मोहरी होती, झुंजण्यास जागा होती. पण त्याने स्वतःहून मारामारी करून सगळी मोहरी संपवली आणि एकेका हत्तीचा डाव आणला. मग तो निर्धास्त बसला. पंधरा चालींत हरला. उठून सरळ आमच्याकडे आला आणि म्हणाला, "काका, असा डाव राखता येतो ना? मी मागच्या वर्षी राखला होता."

त्या वेळी मात्र आम्ही खोटे बोललो नाही. व्हरांड्यात एका बाकावर पट मांडला, मागच्या वर्षीची स्थिती लावली, आणि ती दोन प्यादी कशी वजीर होतात ते त्याला दाखवले. दोनदा दाखवले. आम्हांस ते तेव्हाही दिसत होते, हेही सांगितले. तो रडला नाही. बराच वेळ पटाकडे पाहत राहिला आणि मग त्याने विचारले, "मग ते घड्याळ कुणाचं?"

आम्ही कितीतरी प्रवचने ऐकली आहेत आणि काही केलीही आहेत. पण इतका अवघड प्रश्न आम्हांस कोणी विचारला नाही. घड्याळ त्याने चोरले नव्हते. नियमाप्रमाणे ते त्याचेच होते. न्यायाने ते त्याचे नव्हते, आणि ही गोष्ट त्याच्या वाट्याला आली ती आमच्यामुळे. आम्ही म्हणालो, "ते तुझ्याजवळच ठेव. देणं माझं आहे." संयोजकांच्या वहीतून त्या दुसऱ्या मुलाचे नाव-गाव काढले, तसेच एक घड्याळ विकत घेतले, दोनशे रुपये आणि खरी हकीकत सांगणारे एक पत्र त्याच्या वडिलांच्या नावे पाठवले. उत्तर आले नाही. पोहोचपावती मात्र आली. तिच्यावर अंगठा होता. त्याने हिशेब चुकता झाला असे आम्ही समजत नाही. बक्षीस सभागृहात सर्वांदेखत हातात पडणे वेगळे, आणि वर्षभराने टपालाने येणे वेगळे.

हे सारे आमच्या शिक्षक बंधुभगिनींपुढे ठेवण्याचे कारण त्यांच्या लक्षात आलेच असेल. आपल्या वर्गांत पाठांतराच्या स्पर्धा होतात. एखादे मूल अडखळते, डोळ्यांत पाणी येते, आणि शिक्षिका ओठांच्या हालचालीने पुढचा शब्द सुचवते. हेतू प्रेमाचाच असतो. पण त्याच वेळी मागच्या रांगेत, आईला स्वयंपाकघरात तोंडपाठ म्हणून दाखवून आलेले एखादे मूल बसलेले असते, आणि ते शिक्षिकेच्या ओठांकडे पाहत असते. अडखळणाऱ्या मुलाला मदत जरूर करावी. स्पर्धेच्या आधल्या शनिवारी त्याला घरी बोलावून करावी, स्पर्धेनंतर पाठीवर हात ठेवून करावी, वाटल्यास त्याला सहा ओव्यांऐवजी चारच ओव्या नेमून, सर्वांना तसे सांगून करावी. आपला शनिवार खर्च करून केलेली मदत आपली असते. स्पर्धेच्या घटकेला सुचवलेला शब्द मागच्या रांगेतल्या मुलाचा असतो.

दया करावीशी वाटली की आम्ही आता स्वतःला तीन प्रश्न विचारतो. हे मी उघडपणे करू शकेन काय? याची किंमत कोण देणार? आणि समोरच्याला उद्या हे कळले, तर त्याची मान ताठ राहील काय? तिन्हींची उत्तरे बरी आली तर हात आखडता घेऊ नये. एकाचेही उत्तर देताना जीभ अडखळली, तर आपला डाव नीट खेळावा, जिंकलो तर जिंकावे, आणि मग पट पुन्हा मांडून हरलेल्याच्या शेजारी बसावे.